जिम बोवी: सुरे जमवणाऱ्यांचा हिरो, ज्याचा स्वतःचा सुरा कुणालाच सापडला नाही

१९६० च्या दशकात लंडनमध्ये डेव्हिड जोन्स नावाचा एक तरुण गायक नाव कमवायला धडपडत होता. अडचण नावाचीच होती. डेव्ही जोन्स नावाचा दुसरा एक गायक-नट आधीच गाजायला लागला होता आणि लोकांचा गोंधळ व्हायचा. मग या पठ्ठ्याने आडनावच बदललं. नवीन आडनाव त्याने उचललं ते अमेरिकेतल्या एका सुऱ्यावरून. बोवी नाइफ. पुढे तो डेव्हिड बोवी म्हणून जगभर गाजला.

त्या सुऱ्याला ज्याचं नाव मिळालं, त्या माणसाची ही गोष्ट आहे. जेम्स ऊर्फ जिम बोवी. टेक्सासमध्ये या आडनावाचा उच्चार बूई असा करतात, पण आपल्याला गायकामुळे बोवी ओळखीचं आहे, म्हणून इथे तेच ठेवलंय.

अमेरिकेत चाकू-सुरे जमवायचा छंद मोठा आहे. त्याची प्रदर्शनं भरतात, लिलाव होतात, त्यावर जाडजूड पुस्तकं निघतात. या छंदात लोक येतात कसे, तर कुणाला आजोबांच्या खिशातला घडीचा चाकू मिळतो, कुणी सिनेमात एखादा सुरा बघतो. या सिनेमातल्या सुऱ्यांचा माग काढत मागे गेलात, तर बऱ्याचदा तुम्ही जिम बोवीपाशी येऊन पोहोचता. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या १९८२ च्या रॅम्बोपटातला सुरा असो किंवा १९८६ च्या क्रोकोडाइल डंडीमधला, खानदान तेच.

गंमत अशी की जिम बोवीचा खरा सुरा कुठे आहे, हे आज कुणालाच माहीत नाही. आणि त्याचं खरं आयुष्य सिनेमातल्या हिरोसारखं अजिबात नव्हतं.

लाकडाच्या ओंडक्यांपासून सुरुवात

जिम बोवीचा जन्म १७९६ चा, केंटकीमधला. वडिलांचं नाव रेझिन, आई एल्व्ह. घरात बरीच भावंडं. त्यातले जॉन आणि रेझिन हे दोन मोठे भाऊ या गोष्टीत महत्त्वाचे आहेत. (हो, वडील आणि भाऊ, दोघांचं नाव रेझिनच. यापुढे रेझिन म्हणजे भाऊ.)

जिम लहान असतानाच कुटुंब आधी मिसुरीला आणि मग लुइझियानाला गेलं. लुइझियाना तेव्हा अमेरिकेचा भागही नव्हता. १८०३ मध्ये अमेरिकेने तो सगळा प्रदेश फ्रान्सकडून विकत घेतला. मिसिसिपी नदीच्या आसपासची दलदल, घनदाट जंगल, पाण्याचे फाटे, असा हा मुलूख. जिम तिथेच वाढला. इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि स्पॅनिशही शिकला.

तरुणपणी तो जंगलातली लाकडं कापायचा, फळ्या पाडायचा आणि पाण्यातून वाहवत बाजारात न्यायचा. काम कष्टाचं, पैसा बेताचा. १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढायला तो आणि रेझिन सैन्यात भरती झाले, पण ते पोहोचेपर्यंत न्यू ऑर्लिन्सची लढाई संपलेली होती.

जिमला मोठा पैसा हवा होता आणि तो लवकर हवा होता. आणि तो त्याने जसा मिळवला, ते त्याच्यावरच्या सिनेमांत सहसा दिसत नाही.

माणसं वजनावर विकत घेतली

१८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी होती. देशातल्या देशात गुलामांची खरेदी-विक्री मात्र राजरोस चालायची. म्हणजे मागणी होती आणि पुरवठा बेकायदा होता. जिथे असं होतं तिथे तस्करी आलीच.

या तस्करीतलं मोठं नाव होतं जीन लाफीत. हा समुद्री लुटारू तेव्हा टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हस्टन बेटावर मुक्काम ठोकून होता. स्पॅनिश जहाजांवरून लुटलेली आफ्रिकन माणसं तो तिथे विकायचा. भाव होता पौंडाला एक डॉलर. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. म्हणजे १४० पौंड वजनाच्या माणसाची किंमत १४० डॉलर.

बोवी बंधूंनी ही माणसं विकत घ्यायला सुरुवात केली आणि वर एक शक्कल लढवली. नियम असा होता की तस्करीचे गुलाम पकडले गेले की त्यांचा लिलाव व्हायचा आणि खबर देणाऱ्याला लिलावातली निम्मी रक्कम बक्षीस मिळायची. बोवी बंधू स्वतःच आणलेली माणसं स्वतःच सरकारजमा करायचे, खबरी म्हणून निम्मी रक्कम घ्यायचे आणि लिलावात तीच माणसं परत विकत घ्यायचे. आता हातात कायदेशीर कागद आले. मग ती माणसं लुइझियानात उघडपणे चढ्या भावाने विकायला मोकळे.

ही काही नंतर कुणी रचलेली बदनामी नाही. थोरल्या जॉनने १८५२ मध्ये एका मासिकात छापून आलेल्या आठवणींत हे सगळं स्वतःच सांगितलं. या धंद्यात त्यांनी ६५ हजार डॉलर कमावल्याचंही त्यात आहे. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. विकलेल्या माणसांची नावं मात्र त्या हिशेबात कुठेच नाहीत.

पुढचा धंदा: बनावट कागद

हाती पैसा आल्यावर जिम जमिनींच्या मागे लागला. अमेरिकेने लुइझियाना घेताना कबूल केलं होतं की स्पेनच्या राजवटीत ज्यांना जमिनी मिळाल्या, त्यांचे हक्क कायम राहतील. आता जुने स्पॅनिश कागद खरे की खोटे, हे तपासणार कोण?

जिमने ही फट हेरली. जुन्या तारखांचे, स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या सह्यांचे बनावट दस्तऐवज तयार करून हजारो एकरांवर दावे ठोकले. शेजारच्या आर्कान्सामध्ये भाऊ जॉनच्या नावाने असे शंभरावर दावे दाखल झाले. आधी मंजूर झालेले हे दावे पुढे १८३१ मध्ये बनावट म्हणून रद्द झाले. तोवर यातल्या जमिनी विकून पैसे खिशात पडले होते, आणि जमीन विकत घेणाऱ्यांच्या हाती आले फक्त कागद.

वाळूच्या बेटावर नेमकं काय घडलं?

आता येतो तो दिवस, ज्याने जिम बोवीला देशभर प्रसिद्ध केलं. १९ सप्टेंबर १८२७.

त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात. लुइझियानातल्या रॅपिड्स परगण्यात नॉरिस राइट नावाचा एक वजनदार माणूस होता. शेरीफही होता आणि बँकेशीही संबंधित होता. जिमचं कर्ज नाकारलं गेलं त्यामागे राइट होता, असा जिमचा राग. त्यात स्थानिक राजकारणात दोघे विरुद्ध गटांत. १८२६ मध्ये दोघांची बाचाबाची झाली आणि राइटने जिमवर गोळी झाडली. जिम वाचला. त्यानंतर रेझिनने आपला शिकारीचा मोठा सुरा जिमला दिला, जवळ असू दे म्हणून. जिम तो कमरेला लावूनच फिरायला लागला.

वर्षभराने मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर, नॅचेझ शहरासमोर, एक द्वंद्वयुद्ध ठरलं. ते जिमचं नव्हतं. सॅम्युअल वेल्स आणि डॉ. थॉमस मॅडॉक्स या दोघांचं होतं. जिम वेल्सच्या बाजूने आला होता, राइट मॅडॉक्सच्या बाजूने. वेल्स आणि मॅडॉक्स यांनी ठरल्याप्रमाणे एकमेकांवर गोळ्या झाडल्या, कुणालाच लागल्या नाहीत आणि दोघांनी हात मिळवून प्रकरण मिटवलं.

ज्यांचं भांडण होतं त्यांचं मिटलं. सोबत आलेल्यांचं नाही मिटलं.

दोन्ही बाजूंच्या लोकांत जुनी वैरं होती आणि बघता बघता पिस्तुलं निघाली. जिमच्या कमरेजवळ गोळी लागली. तो तसाच सुरा काढून धावला, तर समोरच्याने रिकामं पिस्तूल त्याच्या डोक्यात घातलं. जिम खाली पडला. मग राइट गुप्ती उपसून आला आणि ती जिमच्या छातीत खुपसली. पातं छातीच्या हाडाला लागून अडकलं. राइट ते ओढून काढायला वाकला, तेव्हा जिमने त्याला धरून खाली खेचलं आणि सुरा त्याच्या पोटात घातला. राइट जागीच मेला. जिमच्या बाजूचा सॅम्युअल क्युनीही या मारामारीत गेला. जिमला इतक्या जखमा होत्या की तो जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण तो जगला.

ही बातमी एका वर्तमानपत्रातून दुसऱ्यात अशी देशभर गेली. त्या काळी पिस्तुलात एकच गोळी असायची, दारू ओली झाली की तीही उडायची नाही. सुऱ्याला असलं काही नाही. त्यामुळे जो तो आपल्या लोहाराकडे जाऊन बोवीकडे होता तसा सुरा मागायला लागला.

तो सुरा दिसायचा कसा?

आज बोवी नाइफ म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरावीक आकार येतो. लांब, रुंद पातं. टोकाकडे पात्याची पाठ खोलगट कापलेली, त्यामुळे टोक एकदम अणकुचीदार. मूठ आणि पातं यांच्यामध्ये हात घसरू नये म्हणून आडवी पट्टी.

मग जिमचा सुरा असाच होता का? बहुतेक नाही.

आपल्याकडे यातला सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे रेझिनने १८३८ मध्ये एका वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र. त्याने सांगितलं की पहिला सुरा त्यानेच बनवून घेतला होता आणि तोही शिकारीसाठी. पातं सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकाच बाजूला धार आणि पात्याला बाक नाही. हे वर्णन वाचून डोळ्यांसमोर काय येतं? कसायाचा किंवा स्वयंपाकघरातला मोठा सुरा. वाळूच्या बेटावरच्या मारामारीच्या तेव्हाच्या हकिकतींतही कसायाच्या मोठ्या सुऱ्याचाच उल्लेख येतो. रेझिनच्या घराण्यात सांगितलं जातं की तो सुरा जेसी क्लिफ्ट नावाच्या लोहाराने घडवला होता.

म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध सुरा हा मुळात एक साधा, कामाचा सुरा होता. तो देखणा झाला नंतर, लोकांच्या कल्पनेत आणि कारागिरांच्या हातात.

टेक्सास, लग्न आणि कॉलरा

लुइझियानात आणि आर्कान्सात जमिनींची प्रकरणं अंगाशी यायला लागल्यावर जिमने मोर्चा टेक्सासकडे वळवला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. जिमने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि १८३० मध्ये मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं. मेक्सिकन नागरिकांना सरकारकडून मोठमोठ्या जमिनी विकत घेता यायच्या. जिमने काय केलं, तर १५-१६ मेक्सिकन लोकांना अर्ज करायला लावले आणि त्या जमिनी त्यांच्याकडून स्वतः घेतल्या.

२५ एप्रिल १८३१ ला सॅन अँटोनिओमध्ये त्याचं लग्न झालं. बायको उर्सुला, तिथल्या बड्या वेरामेंदी घराण्यातली. तिचे वडील प्रांताचे उपराज्यपाल होते. लग्नाच्या करारात जिमने आपलं वय पाच वर्षांनी कमी सांगितलं आणि मालमत्तेचा आकडा दोन लाख डॉलरच्या वर फुगवला. त्यातला बराचसा भाग त्याच बनावट दाव्यांच्या जमिनींचा होता. लग्नानंतरच्या प्रवासासाठी या श्रीमंत जावयाने सासऱ्यांकडून आणि बायकोच्या आजीकडून पैसे उसने घेतले.

पण संसार फार टिकला नाही. सप्टेंबर १८३३ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत उर्सुला आणि तिचे आईवडील गेले. जिम तेव्हा दूर नॅचेझमध्ये पीतज्वराने अंथरुणाला खिळला होता. बायको गेल्याचं त्याला माहीत नव्हतं आणि इकडे तो मृत्युपत्र लिहीत होता. बरा झाल्यावर ही बातमी त्याला कळली. त्यानंतर त्याचं दारू पिणं फार वाढलं, असं त्याला ओळखणाऱ्यांनी नोंदवलं आहे.

अलामो

१८३५ मध्ये टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकन लोकांनी मेक्सिकोविरुद्ध बंड केलं. कारणं बरीच होती. सत्ता मेक्सिको सिटीत एकवटत चालली होती, हे एक. गुलामगिरी हे दुसरं. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती आणि टेक्सासमधल्या कापसाच्या मळेवाल्यांना ते नको होतं. बंडानंतर टेक्सासने १८३६ मध्ये जी राज्यघटना केली, तिने गुलामगिरीला कायदेशीर संरक्षण दिलं.

जिम या बंडात सुरुवातीपासून होता. जानेवारी १८३६ मध्ये सॅम ह्यूस्टनने त्याला ३० माणसं देऊन सॅन अँटोनिओला पाठवलं. तिथे अलामो नावाच्या जुन्या मिशनमध्ये बंडखोरांनी ठाणं मांडलं होतं. नेतृत्वावरून जिम आणि विल्यम ट्रॅव्हिस यांच्यात ओढाताण झाली आणि शेवटी दोघांनी मिळून सांभाळायचं ठरलं.

२३ फेब्रुवारीला सांता आनाचं मेक्सिकन सैन्य शहरात आलं आणि वेढा पडला. दुसऱ्याच दिवशी जिम इतका आजारी पडला की त्याला उठताही येईना. ६ मार्चच्या पहाटे निर्णायक हल्ला झाला. आतले साधारण २०० लढवय्ये मारले गेले. जिम बोवी त्याच्या खाटेवरच मारला गेला. वय ३९ किंवा ४०.

खाटेवरून त्याने सुऱ्याने किती शत्रू लोळवले, याच्या नंतर पुष्कळ गोष्टी तयार झाल्या. तो तेव्हा शुद्धीवर होता की नव्हता, यावरही एकमत नाही. सांता आनाच्या हुकमावरून बंडखोरांची प्रेतं जाळून टाकली गेली. जे मोजके लोक जिवंत सुटले आणि ज्यांच्यामुळे बाहेर हकिकत कळली, त्यात ट्रॅव्हिसचा गुलाम जो हाही होता.

आणि सुरा? तो गेला तो गेलाच.

माणूस गेला, सुरा सुटला

जिमच्या मरणानंतर बोवी नाइफची साथच आली. दक्षिणेतल्या राज्यांत खिशात सुरा नसलेला पुरुष विरळा, अशी परिस्थिती झाली आणि खून वाढले. १८३७ मध्ये अलाबामाने बोवी नाइफच्या विक्रीवर १०० डॉलरचा जबर कर लावला. पाठोपाठ १८३८ मध्ये टेनेसीने विक्रीवरच बंदी घातली.

हे कायदे का आले, त्याचा अंदाज आर्कान्सातल्या एका घटनेवरून येतो. ४ डिसेंबर १८३७ ला तिथल्या विधानसभेत लांडगे मारण्याच्या बक्षिसाच्या विधेयकावर चर्चा चालू होती. जे. जे. अँथनी नावाच्या आमदाराने सभापती जॉन विल्सन यांना टोमणा मारला. विल्सन खुर्चीवरून उतरले, दोघांनी सुरे काढले आणि भर सभागृहात सभापतींनी आमदाराचा खून केला. पुढे खटल्यात विल्सन सुटलेही.

दुसरीकडे इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराने ही संधी बरोबर हेरली. सुऱ्या-कात्र्यांसाठी हे शहर आधीपासून प्रसिद्ध. जॉर्ज वॉस्टेनहोम, जोसेफ रॉजर्स यांच्यासारख्या कारखानदारांनी अमेरिकेसाठी हजारोंनी बोवी नाइफ बनवले. पात्यावर देशभक्तीची वाक्यं कोरलेली, कॅलिफोर्नियात सोनं शोधायला निघालेल्यांसाठी खास मजकूर, मुठीच्या टोकाला अर्धा घोडा आणि अर्धी मगर असं चित्रविचित्र शिल्प. वॉस्टेनहोमने तर शेफील्डमधल्या आपल्या कारखान्याचं नावच वॉशिंग्टन वर्क्स ठेवलं. आज संग्राहक ज्या जुन्या बोवी नाइफसाठी जीव टाकतात, त्यातले बरेच हे शेफील्डचे आहेत. म्हणजे अमेरिकेच्या या राष्ट्रीय सुऱ्यावर इंग्लंडचा शिक्का असतो.

जेम्स ब्लॅकची आठवण

या सगळ्यात अजून एक माणूस आहे. आर्कान्सातल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावातला लोहार, जेम्स ब्लॅक.

तिथली कथा अशी की १८३० च्या सुमारास जिम बोवी लाकडाचा नमुना घेऊन ब्लॅककडे आला. ब्लॅकने नमुन्याप्रमाणे एक सुरा बनवला आणि शेजारी स्वतःच्या कल्पनेने दुसराही बनवला. जिमने दुसरा उचलला. ब्लॅक पोलादाला पाणी कसं द्यायचा, हे त्याचं गुपित होतं आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. पुढे सासऱ्याने केलेल्या मारहाणीनंतर त्याची दृष्टी गेली आणि भट्टी बंद पडली. म्हातारपणी तो डॅनियल जोन्स नावाच्या तरुणाच्या कुटुंबात राहत होता. १८७० मध्ये त्याने ठरवलं की गुपित आता या मुलाला सांगून टाकायचं. कागद-पेन्सिल घेऊन दोघे बसले. पण ब्लॅकला काही आठवेचना. तो डोकं चोळत राहिला, फेऱ्या मारत राहिला. शेवटी विसरल्याचं कबूल केलं. दोन वर्षांनी तो वारला. तो तरुण पुढे आर्कान्साचा गव्हर्नर झाला आणि ही हकिकत त्यानेच लिहून ठेवली.

ब्लॅकने जिमला खरंच सुरा बनवून दिला का? त्या काळातला ठोस कागद हाताशी नाही. तरी ब्लॅकच्या गावात आज लोहारांना सुरे घडवायला शिकवणारी शाळा आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ मध्ये स्थापन झालेली संस्था कारागिरांची परीक्षा घेते, तीही ऐकण्यासारखी आहे. लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात कापायचा, लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची, त्यानंतरही त्याच पात्याने हातावरचे केस भादरायचे आणि मग पातं ९० अंशांत वाकवायचं. तुटलं तर नापास.

मग हा छंद लागतो कसा, आणि कुठे फसतो?

१९५२ मध्ये जिम बोवीवर द आयर्न मिस्ट्रेस हा सिनेमा आला. १९५६ ते १९५८ टीव्हीवर मालिका चालली. १९६० मध्ये जॉन वेनचा द अलामो आला. हे बघून वाढलेल्या पिढीतले कित्येक जण पुढे सुरे जमवायला लागले. या सिनेमा-मालिकांत जिम देखणा, दिलदार आणि न्यायी होता. त्याने वजनावर घेतलेली माणसं त्यात नव्हती.

सुरुवात गोष्टीने होते, हे बहुतेक छंदांचं असतं. त्यात वाईट काही नाही. पण बोवी नाइफच्या बाबतीत गोष्ट जितकी मोठी, तितकी वस्तूची किंमत मोठी. त्यामुळे इथे नकली मालाचा सुळसुळाट आहे. थेट जिमचा म्हणून पुढे आलेले सुरे एकाहून जास्त आहेत आणि एकाचीही खात्री पटलेली नाही. खात्रीने सांगता येतं ते एवढंच की रेझिनने बनवून घेतलेले काही सुरे शिल्लक आहेत. बॅटन रूजच्या डॅनियल सर्ल्सने घडवलेला आणि रेझिनने फाउलर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला भेट दिलेला सुरा आज अलामोच्या संग्रहात आहे. तो खरा मानतात, कारण कोणी बनवला, कोणी दिला आणि कोणाला दिला, हे त्याच्याबाबत सांगता येतं.

जाणते संग्राहक म्हणूनच नवख्यांना सांगतात की आधी पुस्तकं घ्या, संग्रहालयं बघा, सुरा नंतर घ्या. काही गोष्टी तर साध्या नजरेने कळतात. शेफील्डच्या सुऱ्यावर मुकुट आणि व्ही. आर. असा शिक्का असेल, तर तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १८३७ नंतरचा. नुसतं इंग्लंड असं देशाचं नाव ठोकलेलं असेल, तर बहुधा १८९० नंतरचा, कारण परदेशी मालावर देशाचं नाव हवं हा अमेरिकेचा कायदा तेव्हाचा. त्यामुळे असा सुरा कुणी अलामोच्या काळातला म्हणून विकत असेल, तर हात जोडायचे आणि पुढे जायचं.

जुनं पातं घासून चकचकीत करायचं नाही. वर्षानुवर्षांनी धातूवर आलेली काळसर झाक हाच त्याच्या वयाचा पुरावा असतो, घासलं की किंमतही जाते. हलका तेलाचा हात पुरतो. आणि सुरा कातडी म्यानात ठेवून द्यायचा नाही, कातड्यातल्या रसायनांनी पातं गंजतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे.

हे वाचून तुम्हालाही इच्छा झाली असेल, तर भारतातला एक नियम लक्षात ठेवा. आपल्याकडे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा सुरा, जर तो घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाचा नसेल, तर शस्त्रांच्या यादीत येतो आणि काही भागांत त्यासाठी परवाना लागतो. रेझिनचा सव्वानऊ इंची सुरा या मापात पाव इंचाने जास्त भरला असता. शिवाय हस्तिदंती मुठीच्या वस्तूंच्या वाटेला जाऊ नका, हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे.

शेवटी उरतं काय?

जिम बोवीच्या नावाने आज टेक्सासमध्ये एक अख्खी काउंटी आहे. त्याने विकलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव कुठल्या पाटीवर नाही. तो शूर होता, हे वाळूच्या बेटावर दिसलं. तो तस्कर होता आणि बनावट कागद करणारा होता, हे दस्तऐवजांत दिसतं. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं आहे.

सुरा हातात घेणारा चांगला संग्राहक आधी पातं उलटसुलट करून शिक्का बघतो, विकणारा काय सांगतोय ते नंतर ऐकतो. जिम बोवीची गोष्ट ऐकतानाही तेच करायला हवं. ज्यांनी तसं केलं, त्यांच्या संग्रहात जिमचा सुरा नाही. आणि तो आपल्याकडे असल्याचा दावाही ते करत नाहीत.